दम्याचें औषध आणि प्रतिजैविक

घरोघरीं फळीवर अगर कपाटाच्या एका कोपऱ्यांत औषधांचा एक डबा असतो. लालबाग-परळच्या चाळींतून तर तो हमखास सांपडतो. कारण एकाच खोलींत तीन पिढ्यांचा संसार चालत असला म्हणजे आजोबांचा दमा, नातवाचा खोकला आणि सुनेची डोकेदुखी या सर्वांवरील गोळ्या त्या एकाच डब्यांत नांदत असतात. डब्यांतील प्रत्येक औषध आपल्या ठिकाणीं गुणकारी असतें, आणि बहुधा तें कोणा तरी जाणत्या डॉक्टरानें दिलेलेंहि असतें. परंतु दोन औषधें एकाच वेळीं एकाच शरीरांत शिरलीं म्हणजे तीं नेहमींच एकमेकांपासून अलिप्त राहतात असें नाहीं. कधीं एक औषध दुसऱ्याचा गुण हिरावून घेतें, तर कधीं एकाच्या संगतीनें दुसऱ्याचें विष होतें. दमा आणि प्रतिजैविकें यांच्या बाबतींत हा प्रकार विशेष रीतीनें घडतो, आणि तो समजून घेणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या हिताचें आहे.

लालबागला हा विषय परका नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापड-गिरणीची स्थापना झाली, आणि पुढें परळ, लालबाग, शिवडी हा सारा भाग गिरणगांव म्हणून ओळखला जाऊं लागला. गिरणीच्या ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाचा बारीक कण हवेंत सदैव तरंगत असे. त्या कणांनीं जडणाऱ्या छातीच्या विकारास बिसिनोसिस असें नांव आहे. त्याची खूण मोठी विलक्षण असते. आठवड्याच्या सुटीनंतर कामगार कामावर रुजू झाला कीं पहिल्याच दिवशीं त्याची छाती आवळून येते. दम्याशीं या विकाराचें जवळचें नातें आहे. गिरण्यांच्या धुरानेंहि या वस्तीला सोडलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या हवेचा आरोग्यावर होणारा परिणाम तपासण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां पाहणीसाठीं निवडलेल्या वस्त्यांत लालबागचा समावेश होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचीं धुरांडीं एकामागून एक थंडावलीं. तथापि जुन्या कामगारांच्या छातींतील घरघर कांहीं संपाबरोबर संपली नाहीं. आज त्या जागीं उंच इमारती उठत आहेत, बांधकामाची धूळ आहे, रस्त्यांवरील वाहनांचा धूर आहे, आणि उन्हाळा आला कीं मिरची गल्लींत मसाला कांडणाऱ्या डंकांचा ठसका आहे. दम्याच्या रोग्यास एवढीं निमित्तें पुष्कळ झालीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, या वस्तीच्या पूर्वेस शिवडी येथें महापालिकेचें मोठें क्षयरोग रुग्णालय आहे. लहान खोल्या, दाट वस्ती आणि कोंडलेली हवा यांमुळें क्षय हाहि येथील जुना पाहुणा आहे. दमा आणि क्षय हे दोन्ही रोग एकाच माणसांत एकाच वेळीं असणें हें जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणीं दुर्मिळ समजलें जाईल. लालबाग-शिवडींत तसें म्हणतां येत नाहीं. म्हणून प्रतिजैविकें आणि दम्याचीं औषधें यांची गांठ येथें वारंवार पडते.

प्रथम दम्याच्या औषधांचा परिचय करून घेतला पाहिजे. दम्यांत श्वासनलिकांच्या आंतील अस्तर सुजतें व त्यांभोंवतालचे स्नायू आवळतात. त्यामुळें श्वास सोडतांना शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि रोगी धापा टाकूं लागतो. यावरील औषधें ढोबळ मानानें दोन प्रकारचीं आहेत. पहिल्या प्रकारचीं औषधें आवळलेल्या नळ्या मोकळ्या करतात. साल्ब्युटॅमॉल, सॅल्मेटेरॉल आणि थिओफायलिन हीं त्यांपैकीं होत. दुसऱ्या प्रकारचीं औषधें मूळ सूजच उतरवितात. फवाऱ्यानें घ्यावयाचीं ब्युडेसोनाइड व फ्लुटिकासोन, आणि पोटांत घ्यावयाचें प्रेड्निसोलोन हीं स्टिरॉइडें त्या वर्गांत येतात. यांपैकीं थिओफायलिनचा इतिहास मौजेचा आहे. हें द्रव्य १८८८ सालीं जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यानें चहाच्या पानांतून वेगळें काढलें. १९२२ च्या सुमारास तें दम्यावर वापरलें जाऊं लागलें. चहाच्या पेल्यांत त्याचें प्रमाण अगदींच क्षुल्लक असतें, म्हणून चहानें दमा बरा होत नाहीं. परंतु गोळीच्या रूपानें तें स्वस्त व परिणामकारक असल्यामुळें आजहि भारतांतील अनेक रोगी तें घेतात. डेरिफायलिन या नांवानें मिळणाऱ्या गोळींतहि हेंच द्रव्य आपल्या एका भावंडासह असतें.

प्रतिजैविकें हीं जंतूंना मारणारीं अथवा त्यांची वाढ रोखणारीं औषधें होत. १९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. महाराष्ट्रांत पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. तेव्हांपासून या औषधांनीं असंख्य प्राण वांचविले आहेत. परंतु त्यांच्या कीर्तीमुळेंच एक गैरसमज रूढ झाला. खोकला वाढला, कफ पिवळा झाला, दम लागला कीं प्रतिजैविक घ्यावें, असें अनेकांना वाटतें. वस्तुतः दम्याचा झटका बहुतेक वेळां सर्दीच्या विषाणूंमुळें, धुळीमुळें किंवा धुरामुळें येतो. आणि विषाणूंवर प्रतिजैविकाची कांहींच मात्रा चालत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्रयोगांत दम्याच्या तीव्र झटक्यांत ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहण्यांत आलें; त्यापासून लक्षांत घेण्याजोगा फायदा आढळला नाहीं. त्या प्रयोगांतून दुसरेंहि एक सत्य बाहेर आलें. प्रयोगांत घेतलेल्या प्रत्येक एका रोग्यामागें दहांहून अधिक रोगी केवळ एवढ्याच कारणानें वगळावे लागले कीं, त्यांना कोणी तरी आधींच प्रतिजैविक देऊन टाकलें होतें! अनावश्यक औषधाची ही संवय सार्वत्रिक आहे.

आतां हीं दोन औषधें शरीरांत कोठें भेटतात तें पाहूं गेल्यास यकृताकडे वळावें लागतें. पोटांतून रक्तांत शिरलेलें बहुतेक औषध यकृतांत पोंचतें, आणि तेथें एन्झाइम नांवाचीं द्रव्यें त्याचें रूप पालटून तें शरीराबाहेर टाकण्याजोगें करतात. गिरणगांवच्या माणसाला हें सांगण्यास गिरणीचाच दाखला पुरेसा आहे. यकृत हें एक मोठें खातें समजावें. औषध हा तेथें येणारा माल आणि एन्झाइम हे तेथील कामगार. रोज ठराविक माल येतो, ठराविक कामगार तो उरकतात, आणि त्या हिशेबानेंच डॉक्टर औषधाची मात्रा ठरवितो. आतां एखाद्या प्रतिजैविकानें या कामगारांना काम करूं दिलें नाहीं तर खात्यांत जणूं संप होतो. येणारा माल तर थांबत नाहीं, त्यामुळें तो सांचत जातो. रोगी तीच गोळी घेत असतो, पण रक्तांतील औषधाची पातळी चढत जाते. उलट दुसऱ्या एखाद्या प्रतिजैविकानें कामगारांची संख्याच वाढविली, तर खात्यांत तिसरी पाळी सुरू झाल्यासारखें होतें. माल येतो न येतो तोंच उरकला जातो आणि औषधाचा गुण येण्यापूर्वींच तें नाहींसें होतें. औषधांच्या परस्पर-विरोधाचे बहुतेक प्रकार या दोन वाक्यांत सामावतात.

पहिल्या प्रकारचें उदाहरण म्हणून एक गृहस्थ कल्पावे. ते सत्तरीकडे झुकलेले आहेत. तरुणपणीं गिरणींत होते. दम्यासाठीं कित्येक वर्षें थिओफायलिनची गोळी घेत आहेत, आणि दिवसाकांठीं पांच-सात बिड्या ओढण्याची संवय अद्याप सुटलेली नाहीं. त्यांना लघवीला जळजळ होऊं लागली म्हणून ते घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. लघवीचा विकार सांगतांना दम्याची गोळी सांगण्याचें त्यांना सुचलें नाहीं. त्यांना तो विषयच वेगळा वाटला. त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालें. अंगांत कणकण असल्यामुळें बिडीहि नकोशी झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्यांना मळमळूं लागलें, उलट्या झाल्या, हात कापूं लागले, छाती धडधडूं लागली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. घरच्या मंडळींनीं तें पित्त समजून लिंबू-सरबत दिलें.

वास्तविक तें पित्त नव्हतें. थिओफायलिन यकृतांत मुख्यतः ज्या एन्झाइमाकडून उरकलें जातें, त्यालाच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवितें. त्यामुळें थिओफायलिनची पातळी सामान्यतः सुमारें तृतीयांशानें वाढूं शकते, आणि वृद्ध माणसांत कित्येकदां त्याहूनहि पुष्कळ अधिक. इतर औषधांच्या बाबतींत एवढी वाढ कदाचित् खपून जाईल. थिओफायलिनच्या बाबतींत ती खपत नाहीं. रक्ताच्या एका मिलिलिटरमागें १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची गुणकारी पातळी पूर्वींपासून मानलेली आहे, आणि आज अनेक डॉक्टर त्याहूनहि कमी पातळीवर समाधान मानतात. वीसच्या वर गेलें कीं मळमळ, थरथर, धडधड, निद्रानाश हीं लक्षणें दिसूं लागतात. पातळी फारच चढली तर हृदयाची लय बिघडते आणि आंकडी येऊं शकते. गुण आणि विष यांमधील वाट इतकी अरुंद असलेलीं औषधें थोडींच आहेत. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हीं प्रतिजैविकेंहि, जरा सौम्यपणें, हाच प्रकार घडवितात. एरिथ्रोमायसिननें पातळी साधारण चतुर्थांशानें वाढते; आणि ही वाढ पहिल्या दिवशीं नव्हे, तर कांहीं दिवसांनीं दिसते. म्हणून पहिले दोन दिवस कांहीं झालें नाहीं यावर विसंबून राहतां येत नाहीं.

वरील गृहस्थांच्या बिडीचा उल्लेखहि उगाच केलेला नाहीं. तंबाखूच्या धुरांतील डांबरासारखीं द्रव्यें याच एन्झाइमाची संख्या वाढवून ठेवतात. त्यामुळें बिडी ओढणाऱ्या रोग्याला थिओफायलिनची मात्रा अधिक लागते. बिडी सुटली कीं थोड्याच दिवसांत ही जादा पाळी बंद होते, आणि पूर्वींचीच मात्रा डोईजड होते. म्हणजे त्या गृहस्थांच्या शरीरांत एकाच आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या होत्या. औषधानें कामगार अडविले आणि बिडी थांबल्यानें कामगार कमी झाले. यावरून बिडी चालूं ठेवावी असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. दम्याला तिच्याइतका वैरी दुसरा नाहीं. बिडी सोडल्याचें डॉक्टरांस कळवावें, म्हणजे ते मात्रा उतरवितील, एवढाच त्याचा बोध.

दुसऱ्या प्रकारचें, म्हणजे तिसऱ्या पाळीचें उदाहरण याहून गंभीर आहे. १९५७ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मातीच्या एका नमुन्यांतून मिलान येथील लेपेती प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांस एक नवा सूक्ष्म जीव मिळाला. त्यापासून निघालेल्या द्रव्यांना त्यांनीं त्या वेळीं गाजलेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून रिफामायसिन असें नांव दिलें. पुढें त्यांतूनच रिफाम्पिसिन तयार झालें आणि क्षयाच्या उपचारांत क्रांति झाली. दीड-दोन वर्षें चालणारा उपचार सहा महिन्यांवर आला. आज शासनाच्या क्षय-निर्मूलन कार्यक्रमांत रोज घ्यावयाच्या संयुक्त गोळींत रिफाम्पिसिन हें प्रमुख अंग आहे. परंतु यकृतांतील एन्झाइम वाढविण्यांत याच्या तोडीचें दुसरें औषध क्वचितच सांपडेल. प्रेड्निसोलोन, थिओफायलिन, माँटेलुकास्ट या सर्वांचा उरक तें वाढवितें.

याचा परिणाम कसा होतो तें पाहावें. एखाद्या स्त्रीचा दमा इतका हट्टी आहे कीं तिला रोज प्रेड्निसोलोन घ्यावेंच लागतें. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीराची प्रतिकारशक्ति मंदावते आणि अंगांत दबून राहिलेला क्षय डोकें वर काढूं शकतो. तसेंच झालें, थुंकींत जंतु सांपडले आणि क्षयाचा उपचार सुरू झाला. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून दमा अनावर झाला. घरच्यांस वाटतें, क्षयाच्या गोळ्या मानवत नाहींत. शेजारीण सांगते, त्या गोळ्या उष्ण असतात, बंद कराव्या. खरें कारण असें कीं, रिफाम्पिसिनमुळें प्रेड्निसोलोनचा परिणाम निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येऊं शकतो. हा बदल एका दिवसांत होत नाहीं. तो आठवड्याभरांत दिसूं लागतो आणि सुमारें दोन आठवड्यांत पूर्णत्वास जातो. म्हणून जाणते डॉक्टर अशा वेळीं प्रेड्निसोलोनची मात्रा, कित्येकदां दुपटीपर्यंत, वाढवितात. क्षयाच्या गोळ्या बंद करणें हा यावरील उपाय नव्हेच. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारानें क्षयाचे जंतु औषधाला दाद देईनासे होतात आणि मग साध्या रोगाचा असाध्य रोग होऊं पाहतो.

या कथेचा उत्तरार्धहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सहा महिन्यांनीं क्षयाचा उपचार संपतो, घरांत आनंद होतो, पेढे वाटले जातात. परंतु रिफाम्पिसिन थांबल्यापासून सुमारें दोन आठवड्यांत यकृतांतील तिसरी पाळी बंद पडते, आणि दुप्पट केलेलें प्रेड्निसोलोन आतां खरोखरीच दुप्पट काम करूं लागतें. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, साखर वाढते, रक्तदाब चढतो. ज्याप्रमाणें उपचार सुरू होतांना दम्याच्या डॉक्टरांस कळविणें जरूर, त्याचप्रमाणें तो संपतांनाहि कळविणें जरूर आहे. ही दुसरी खबर देण्यास लोक हमखास विसरतात.

प्रतिजैविक आणि स्टिरॉइड यांच्या संबंधानें वैद्यकशास्त्राची स्वतःचीहि एकदां फसगत झाली होती. ट्रोलिआंडोमायसिन नांवाचें एक प्रतिजैविक दम्याच्या कांहीं रोग्यांस दिलें असतां त्यांना मेथिलप्रेड्निसोलोन हें स्टिरॉइड पुष्कळ कमी पुरूं लागलें. प्रतिजैविकच दमा बरा करीत असावें, असा तर्क झाला. १९८० सालीं काळजीपूर्वक मोजमाप करण्यांत आलें तेव्हां दिसून आलें कीं, हें प्रतिजैविक यकृतांत त्या स्टिरॉइडाचा उरक मंद करीत होतें. गोळी कमी झाली होती, पण अंगांत राहणारें औषध तितकें कमी झालें नव्हतें. दोन औषधें एकत्र दिल्यावर रोगी सुधारला म्हणजे दुसरें औषध गुणकारी ठरलेंच असें नाहीं, हा धडा यांतून मिळाला. त्याच वर्गांतील ॲझिथ्रोमायसिनविषयीं मात्र पुढें खरा पुरावा मिळाला. २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील ४२० प्रौढ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत, फवाऱ्याचीं औषधें घेऊनहि ज्यांचा दमा आटोक्यांत येत नव्हता अशांना आठवड्यांतून तीनदां ५०० मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन ४८ आठवडे दिलें, तेव्हां वर्षाकांठीं येणाऱ्या झटक्यांचें प्रमाण माणशीं १.८६ वरून १.०७ इतकें कमी आढळलें. परंतु तेथें प्रथम रोग्यांची ऐकण्याची शक्ति व हृदयाचा आलेख तपासून घेतला होता. तो तज्ज्ञांनीं निवडक रोग्यांस द्यावयाचा उपचार आहे. दुकानांतून तीन गोळ्या आणून घेण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

हृदयाच्या आलेखाचा उल्लेख आला, त्याचें कारण असें. कांहीं औषधांचें भांडण यकृतांत नव्हे, तर थेट हृदयांत होतें. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन हीं प्रतिजैविकें कांहीं माणसांत हृदयाच्या विद्युत्-लयींत बिघाड करूं शकतात. २०१३ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ॲझिथ्रोमायसिनविषयीं तसा इशारा दिला. इकडे दम्याच्या जोराच्या झटक्यांत साल्ब्युटॅमॉल वारंवार घेतलें म्हणजे रक्तांतील पोटॅशियम उतरतें आणि ठोके वाढतात. थिओफायलिन व स्टिरॉइड त्यांत भर घालतात. निरोगी तरुणास याचा फारसा त्रास होत नाहीं. परंतु ज्यांना मूळचाच हृदयविकार आहे अशा वृद्धांच्या बाबतींत डॉक्टरांनीं हा हिशेब मांडूनच औषध निवडावें लागतें. आणखी एक गोष्ट म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखीं औषधें आणि स्टिरॉइड एकत्र आलीं असतां टांचेच्या वरची जाड शीर सुजण्याचा व क्वचित् तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठी उलटलेल्यांत. अशा उपचारांत टांचेमागें दुखूं लागल्यास तें चालण्याचें दुखणें समजून तेल चोळीत बसूं नये. ताबडतोब डॉक्टरांस सांगावें.

लालबाग-शिवडीच्या दृष्टीनें याच वर्गाचा एक तिसरा दोष आहे. हीं प्रतिजैविकें क्षयाच्या जंतूंवरहि कांहीं अंशीं चालतात. तीन आठवड्यांचा खोकला दम्याचाच समजून त्यावर असें औषध दिलें, तर क्षय तात्पुरता दबतो, खोकला उतरतो, थुंकीच्या तपासणींत जंतु दिसत नाहींत आणि खरें निदान महिनोन्‌महिने लांबतें. तेवढ्या अवधींत रोगी आपल्या खोलींतील मुलाबाळांस रोग देत राहतो. दम्याच्या रोग्याचा खोकला नेहमींपेक्षां निराळा वाटला, त्यासोबत वजन घटलें किंवा संध्याकाळीं ताप येऊं लागला, तर प्रतिजैविकाआधीं थुंकी तपासून घेणें हेंच शहाणपणाचें.

येथवर धोक्यांची यादी वाचून घाबरण्याचें मात्र कारण नाहीं. अनेक प्रतिजैविकांचें दम्याच्या औषधांशीं कांहीं वैर नाहीं. ॲमॉक्सिसिलीन व त्या कुळांतील औषधें, तसेंच सेफॅलोस्पोरिनें, थिओफायलिनच्या वाटेस सहसा जात नाहींत. ॲझिथ्रोमायसिनहि त्याची पातळी क्वचितच बदलतें. पेनिसिलीनच्या कुळाचें वावडें असल्यास तें अर्थात् आधीं सांगितलेंच पाहिजे, कारण दम्याच्या रोग्यास तसा प्रकोप झाल्यास तो अधिक जड जातो. दुसरें समाधान फवाऱ्याचें. साल्ब्युटॅमॉलची एक गोळी सामान्यतः ४ मिलिग्रॅमची असते. फवाऱ्याच्या एका दाबांत १०० मायक्रोग्रॅम औषध असतें. दोन दाब घेतले तरी तें गोळीच्या विसाव्या हिश्श्याइतकेंच झालें, आणि तें थेट छातींत पोंचतें. औषध जितकें थोडें, तितकें दुसऱ्या औषधाशीं भांडण थोडें. फवारा घेतला म्हणजे रोग बळावला, ही समजूत अजूनहि अनेक घरांत आहे. ती टाकून दिली तर अर्धी भीति आपोआप दूर होईल. मात्र फवारा सर्वस्वी निर्धोक आहे असेंहि नाहीं. बुरशीवरील इट्राकोनाझोल अगर कांहीं अंशीं क्लॅरिथ्रोमायसिन हीं औषधें ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन व सॅल्मेटेरॉल यांचा उरक रोखतात. तेव्हां फवाऱ्याचेंहि नांव डॉक्टरांस सांगणें आवश्यक ठरतें. पुष्कळ लोक ‘कोणतीं औषधें चालूं आहेत’ या प्रश्नास उत्तर देतांना फवारा वगळतात, कारण तो त्यांना औषध वाटतच नाहीं.

कायद्यानें आपल्या परीनें बंदोबस्त केला आहे. १ मार्च २०१४ पासून अमलांत आलेल्या एच-१ परिशिष्टांत क्षयाचीं औषधें आणि अनेक प्रतिजैविकें यांचा समावेश असून, तीं विकतांना डॉक्टरांचें व रोग्याचें नांव वहींत टिपून ती वही तीन वर्षें जपून ठेवणें औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु शरीरांत कोणतीं दोन औषधें एकत्र येत आहेत हें त्या वहींत लिहिलेलें नसतें. तें ठाऊक असतें एकट्या रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना. म्हणून खरा पहारा घरांतूनच झाला पाहिजे.

तो पहारा कठीण नाहीं. घरांतील दम्याच्या रोग्याचीं सर्व औषधें, गोळ्या, फवारे, काढे, चाटणें यांसह, एका कागदावर नांव व मात्रा घालून लिहावीं आणि तो कागद डब्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावा. दांतांचा डॉक्टर असो, डोळ्यांचा असो वा लघवीचा, त्याच्यापुढें तो प्रथम ठेवावा. प्रतिजैविक मिळालें म्हणजे ‘हें दम्याच्या या गोळीबरोबर चालेल ना?’ असा सरळ प्रश्न विचारावा. त्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं, उलट त्यांचें काम सोपें होतें. तापासाठीं सोबत दिलेल्या गोळींत ॲस्पिरिन अगर आयब्युप्रोफेन असल्यास तेंहि विचारून घ्यावें, कारण कांहीं रोग्यांचा दमा त्यानेंच उसळतो. थिओफायलिन घेणाऱ्यास नव्या प्रतिजैविकानंतर मळमळ, थरथर वा धडधड सुरू झाल्यास पुढची गोळी घेण्यापूर्वीं डॉक्टरांस गांठावें. आंकडी आली किंवा ठोके अनियमित झाले तर सरळ रुग्णालय गांठावें. रोज घेतलें जाणारें प्रेड्निसोलोन मात्र कोणाच्याहि सांगण्यावरून एकाएकीं थांबवूं नये, कारण शरीरानें स्वतःचें स्टिरॉइड बनविणें तोंवर मंदावलेलें असतें आणि अचानक आलेला हा तुटवडा प्राणावर बेतूं शकतो. शेवटीं, मागच्या दुखण्यांतून उरलेलीं प्रतिजैविकें जपून ठेवण्याची काटकसर सोडून द्यावी. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देणें हा उपकार नव्हे.

परळच्या ज्या टापूंत १८९९ सालीं प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा आली आणि १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव धारण करती झाली, ज्या टापूंत १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालयाचे दरवाजे उघडले, तेथील माणसाला औषधाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. रोगाचा जंतु शोधून काढण्यास शास्त्रज्ञ लागतो आणि त्यावर औषध देण्यास डॉक्टर लागतो. परंतु एका डब्यांतील दोन पुड्या एकमेकींस चालतात कीं नाहीं, हा प्रश्न वेळीं विचारण्यास घरांतील एक जागरूक माणूस पुरे होतो. आणि कित्येकदां रोग्याचा जीव त्या एका प्रश्नावरच अवलंबून असतो.